दुसऱ्या मजल्यावरचे तीन इंच : लातूरमधल्या एका घराच्या मापांचं प्रकरण

इमारत लातूर शहरातली. तळाला गाड्या आणि आई-वडिलांसाठी दोन खोल्या, वर तीन मजले, तिघा भावांचे. बाहेरून बाहेर रुंदी ९८३० मिलिमीटर, म्हणजे ३२ फूट ३ इंच. आराखडे आधी दुसऱ्या एका ऑफिसात ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरवर झालेले. दुसऱ्या मजल्याचे कॉलम भरून झाले, भिंतींचा लाइनआउट, म्हणजे स्लॅबवर भिंतींची आखणी, सुरू झाला आणि त्या टप्प्यावर घरच्यांनी काम आमच्याकडे दिलं. देण्याचं कारण मापांचं नव्हतं. मापांचा प्रश्न फायलींसोबत आयता आला.

मिस्त्रीनं पश्चिमेकडच्या बाहेरच्या कडेपासून शीटवरचे तुकडे एकापुढे एक मारत नेले होते : २३० भिंत, ३४१० खोली, १५० भिंत, २४७० जिना, १५० भिंत, ३११० खोली, २३० भिंत. शेवटच्या भिंतीची बाहेरची कड खालच्या बीमच्या कडेवर यायला हवी. ती ८० मिलिमीटर आत पडली. "सायेब, तीन इंच कमी यायलेत," एवढंच तो म्हणाला. टेप पुन्हा लावायची गरजच नव्हती. शीटवरच्या सात आकड्यांची बेरीज ९७५० होत होती आणि त्याच शीटवर, वरच्या ओळीत, एकूण माप ९८३० छापलेलं होतं.

बेरजेपेक्षा जास्त सांगत होत्या त्या स्लॅबवर दोरी मारून काढलेल्या रेषा. जिन्याच्या पश्चिम बाजूला कॉलम भिंतीच्या रेषेतून ४० मिलिमीटर जिन्यात पुढे आलेला होता. पूर्व बाजूला उलट, तिथे भिंतीची रेषा कॉलमच्या ४० पुढे. जिन्याची रुंदी बरोबर, पण अख्खा जिना ४० मिलिमीटर पश्चिमेला सरकलेला. मिस्त्रीनं पूर्वेकडून सुरुवात केली असती तर तो तेवढाच पूर्वेला सरकला असता. अशा वेळी बहुतेक साइटवर शेवटच्या खोलीत तीन इंच वाढवून काम पुढे ढकलतात. तसं झालं असतं तर खालच्या आणि वरच्या पायऱ्यांच्या कडा एकमेकींवर आल्या नसत्या, रेलिंग तुटकं झालं असतं आणि कारण कुणालाच सापडलं नसतं.

कॉलम भिंतीत का मावत नाही

हे प्रकरण समजायला आधी कॉलमकडे बघावं लागतं. आयएस १८९३ या भूकंपाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे लातूर भूकंपक्षेत्र ३ मध्ये येतं. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट इथे कुणाला आठवून द्यावी लागत नाही, त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनिअरशी कॉलमच्या जाडीवरून हुज्जत घालणारा मालकही हल्ली कमी भेटतो. आयएस १३९२० च्या २०१६ च्या आवृत्तीनं कॉलमची कमीत कमी बाजू ३०० मिलिमीटर केली, किंवा त्यातून जाणाऱ्या बीमच्या सर्वांत जाड सळईच्या २० पट, यांतलं जे जास्त असेल ते. या घरात त्या दिशेच्या बीमला १२ च्या सळया असल्यानं ३०० पुरले. पूर्वी २३० चा कॉलम २३० च्या भिंतीत गुडूप होऊन जायचा. भिंतीचा मध्य आणि कॉलमचा मध्य एकच असायचा आणि सेंटरलाइन हा शब्द उच्चारला की सगळ्यांच्या मनात एकच रेषा यायची. आता कॉलम भिंतीबाहेर येणारच. तो कुठल्या बाजूला बाहेर काढायचा एवढंच आपल्या हातात.

या घरात निर्णय शहाणपणाचा होता. बाहेरचे कॉलम बाहेरच्या कडेशी सपाट आणि जिन्याचे कॉलम जिन्याच्या बाजूनं सपाट. फुगवटा सगळा खोलीच्या कोपऱ्यात, कपाटामागे. जिन्याच्या चारही कॉलमवर गच्चीतल्या पाण्याच्या टाक्या. तीन भावांच्या तीन वेगळ्या टाक्या, आणि २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या गावात टाकी लहान करा असं सांगायला जीभ रेटत नाही. म्हणून ते चार कॉलम खालपासून वरपर्यंत ३०० × ६०० आणि बाकीचे तिसऱ्या मजल्यावर ३०० × ४५०.

याचा परिणाम असा की एका जिन्याला तीन मापं झाली. वास्तुविशारदाच्या शीटवर भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंत २७००. तळमजल्यावर भिंती २३० च्या, म्हणून मोकळं माप २४७०. आणि स्ट्रक्चरल शीटवर कॉलमच्या मध्यापासून मध्यापर्यंत २७७०, कारण दोन्ही कॉलमचे मध्य भिंतीच्या मध्यापासून खोलीच्या बाजूला ३५ नं सरकलेले. तिन्ही आकडे खरे. तिन्ही शीटवर ग्रिडच्या, म्हणजे कॉलमच्या जागा ठरवणाऱ्या रेषांच्या, गोळ्यांत मात्र तीच अक्षरं, ब आणि क.

चुकीची रेष, बरोबर आकडा

पहिल्या मजल्यापासून आतल्या भिंती वजन कमी करायला १५० च्या एएसी, म्हणजे हलक्या काँक्रीटच्या, ब्लॉकच्या केल्या होत्या. बाहेरच्या सगळ्या २३० च्या विटांच्याच. पहिल्या मजल्याचं ड्रॉइंग ज्यानं केलं त्यानं जिन्याकडची बाजू धरून भिंत खोलीच्या बाजूनं सोलली. जिना २४७० राहिला, खोल्या ८० नं वाढून ३४५० आणि ३१५० झाल्या. २३०, ३४५०, १५०, २४७०, १५०, ३१५०, २३० : बेरीज ९८३०. कॉलम आणि भिंत जिन्यातून एका रेषेत. म्हणूनच तिथला लाइनआउट बिनबोभाट जुळला होता.

दुसऱ्या मजल्यावर मधल्या भावाला हॉल आणि स्वयंपाकघराची अदलाबदल हवी होती. त्यामुळे तळमजल्याचा प्लॅन बाजूला कॉपी करून भिंती नव्यानं ओढल्या गेल्या, मल्टिलाइननं, म्हणजे समांतर रेषा एकदम ओढणाऱ्या आज्ञेनं, आणि मल्टिलाइनचं जस्टिफिकेशन झिरोवर, म्हणजे मध्यरेषेवर. १५० ची भिंत जुन्या भिंतीच्या मध्यावर बसली. दोन्ही बाजूंनी ४०-४० कमी झाले आणि जिना रेखाटनात २५५० झाला. डायमेन्शननं, म्हणजे सॉफ्टवेअर रेषांवरून स्वतः मोजून छापतं त्या मापानं, प्रामाणिकपणे २५५० दाखवलं असणार. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की जिना तर २४७० आहे, खालीही तेवढाच आहे. रेष हलवण्याऐवजी त्यानं आकडा बदलला.

ऑटोकॅडमध्ये हे फार सोपं आहे. डायमेन्शनवर डबल क्लिक करा, २४७० टाइप करा, झालं. प्रॉपर्टीज उघडल्या की मात्र दोन ओळी वेगवेगळ्या दिसतात : मेजरमेंट २५५०, टेक्स्ट ओव्हरराइड २४७०. त्यानंतर भिंत कितीही हलवा, छापलेला आकडा जागचा हलत नाही. मला यातली खरी अडचण ही वाटते की टाइप केलेला आकडा बरोबर होता. जिना २४७० च हवा होता. शेजारच्या ३४१० आणि ३११० या, ज्यांना कुणी हात लावला नव्हता, ज्या सॉफ्टवेअरनं स्वतः मोजून दाखवल्या होत्या, त्या दोन खोल्या चुकल्या होत्या. ओव्हरराइड शोधून पुसून टाकायचा, एवढाच उपाय कुणी केला असता तर शीटची बेरीज झकास जुळली असती आणि जिन्यात दोन्ही बाजूंनी कॉलम ४०-४० पुढे आले असते.

म्हणून आकड्यांना हात लावायच्या आधी आम्ही चारही प्लॅन एकावर एक ठेवले. जुन्या फायलीत ते एका ओळीत शेजारी शेजारी मांडलेले होते, आपल्याकडची नेहमीची पद्धत, प्रिंट काढायला सोपी. प्रत्येक मजल्याला वेगळा रंग दिला आणि जिन्याचा एकच कोपरा, कॉलमचा जिन्याकडचा कोपरा, बेस पॉइंट धरून सगळे एका बिंदूवर आणले. जे खालपासून वर सरळ जायला हवं ते चारही रंगांत एकाच रेषेवर दिसलं पाहिजे. जिन्याच्या भिंती दुसऱ्या मजल्याच्या रंगात बाजूला पडल्या, हे अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते असं की तिसऱ्या मजल्यावरची संडासाची डक्ट ११५ नं पूर्वेला होती. पहिल्या मजल्यावरून ती कॉपी करताना बेस पॉइंट भिंतीच्या मध्यावर घेतला आणि ठेवताना बाहेरच्या कडेवर ठेवला, २३० च्या निम्मे. डक्टमधला पाइप ११० चा. म्हणजे सरक पाइपाच्या जाडीपेक्षा जास्त, वरचा पाइप खालच्याला भेटलाच नसता. तो स्लॅब अजून भरायचा होता हे नशीब. शेजारी शेजारी ठेवलेल्या प्लॅनमध्ये ही गोष्ट वर्षभर डोळ्यांसमोर असली तरी दिसत नाही, कारण प्रत्येक प्लॅन आपल्यापुरता नीटनेटका असतो.

मग फायलीतले बाकीचे ओव्हरराइड शोधले. क्विक सिलेक्टमध्ये डायमेन्शन हा प्रकार निवडून टेक्स्ट ओव्हरराइड रिकामा नसलेले वेचता येतात. बरेच निघाले. काही निरुपद्रवी होते, आकड्यामागे "मोकळं" असा शब्द जोडलेले, आणि तिथे खरा आकडा जागेवर ठेवणारी कोनी कंसांची जोडी शाबूत होती. बाकीचे एकेक करून तपासावे लागले : आकडा खरा की रेष खरी, हे प्रत्येक ठिकाणी कॉलम बघून ठरवायचं. ते काम कुठलीही आज्ञा करून देत नाही.

डायमेन्शन स्टाइलमध्ये राउंड ऑफ ५ वर होता, तोही शून्यावर आणला. ५ च्या राउंडिंगनं २४६८ सुद्धा २४७० दिसतं आणि सात तुकड्यांत हे दोन-दोन मिलिमीटर साठत जातात. अंतर २४६८ निघालं तर रेष हलवून ते २४७० करायचं.

एकच ठेवायचं ते एकदाच काढायचं

नवी मांडणी अशी केली. कॉलम, जिना, लिफ्टसाठी राखलेली जागा, दोन डक्ट, बाहेरची हद्द आणि ग्रिड यांची एक वेगळी फाइल. तिला ऑफिसात आम्ही "गाभा" म्हणतो. प्रत्येक मजल्याची स्वतंत्र फाइल, आणि तिच्यात हा गाभा एक्सरेफ म्हणून, म्हणजे बाहेरून जोडलेली फाइल म्हणून, शून्य-शून्यवर, ओव्हरले प्रकारानं जोडलेला. तीन मजल्यांच्या फायलीत जिना आता कुणी ओढतच नाही. तो तिथे फक्त दिसतो. कॉलमची साइज मजल्याप्रमाणे बदलते, म्हणून तिसऱ्या मजल्याचे कॉलम गाभ्यातच वेगळ्या लेयरवर.

त्याहून महत्त्वाचं, जी मापं सगळ्या मजल्यांवर सारखीच असायला हवीत ती मापंही गाभ्याच्या फाइलीतच. बाहेरची एकूण ओळ, ग्रिडची ओळ, जिन्याचं २४७०, डक्टची जागा. चार शीटवर छापलेलं २४७० हे आता चार डायमेन्शन नाहीत, एकच आहे, चार ठिकाणी दिसणारं. मजल्याच्या फाइलीत फक्त त्या मजल्याची मापं : खोल्या, दारं, खिडक्या, ओटा. एक तांत्रिक खोच लक्षात ठेवावी लागते. मजल्याच्या फाइलीतलं एखादं डायमेन्शन गाभ्यातल्या कॉलमला जोडलेलं असेल आणि गाभा बदलला, तर फाइल उघडल्यावर डिमरीजेन ही आज्ञा द्यावी लागते, नाहीतर जुना आकडा तसाच बसून राहू शकतो. शिवाय अ‍ॅनोटेशन मॉनिटर चालू ठेवला की ज्या डायमेन्शनचा भिंतीशी धागा तुटला आहे त्यावर पिवळं उद्गारचिन्ह येतं. ते चिन्ह त्रास देतं म्हणून ड्रॉइंग करणारी मुलं हा मॉनिटर बंद करतात. आमच्याकडे तो बंद करायला परवानगी नाही.

ग्रिड कुठे धरायची यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरशी बरीच चर्चा झाली. त्यांच्या विश्लेषणाला कॉलमचा मध्य लागतो, ते बरोबरच आहे. पण मध्य ही मजल्यागणिक सरकणारी वस्तू आहे : ६०० चा कॉलम एक बाजू धरून ४५० केला की त्याचा मध्य ७५ नं सरकतो. न हलणारी गोष्ट म्हणजे कॉलमची सपाट धरलेली बाजू, जिन्याकडची आणि बाहेरची. म्हणून साइटची ग्रिड त्या बाजूंवर ठेवली आणि त्यांच्या मध्यरेषा त्यांच्या फाइलीत तशाच राहिल्या, फक्त गोळ्यांतली अक्षरं बदलून. लाइनआउटच्या शीटवर प्रत्येक कॉलमजवळ बाजूपासून मध्यापर्यंतचं अंतर लिहिलं, रुंदीच्या दिशेनं सगळीकडे १५०. अनेक ऑफिसं सगळं मध्यावरूनच करतात आणि एका मजल्याच्या घरात त्यानं काही बिघडत नाही.

हेच काम रेव्हिटमध्ये, म्हणजे अख्ख्या इमारतीचं मॉडेल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, केलं असतं तर काय, हा प्रश्न धाकट्या भावानं विचारला, तो स्वतः पुण्यात आयटीत आहे. अर्धा त्रास वाचला असता. रेव्हिटमध्ये ग्रिड ही सगळ्या मजल्यांना मिळून एकच वस्तू असते. एका प्लॅनवर ग्रिडला दिलेली डायमेन्शन कॉपी करून पेस्ट अलाइन्डनं निवडलेल्या व्ह्यूंमध्ये टाकली की ती तिथे त्याच ग्रिडला धरतात, आणि दोन मजल्यांवरचे आकडे वेगळे निघूच शकत नाहीत. भिंत मात्र दर मजल्याला वेगळी, त्यामुळे तिची डायमेन्शन वरच्या प्लॅनवर आपोआप जात नाहीत, नव्यानं द्यावी लागतात. मला हे गैरसोयीचं वाटत नाही. आणि डायमेन्शनच्या जागी दुसरा आकडा टाइप करायला गेलात तर रेव्हिट नकार देतं. पळवाटा आहेत, पण मुद्दाम कराव्या लागतात. उरलेला अर्धा त्रास तिथेही आहे तसाच. रेव्हिटच्या भिंतीला लोकेशन लाइन असते आणि ती सुरुवातीला भिंतीच्या मध्यावर असते. २३० ची भिंत १५० ची केली की भिंत मध्याभोवती आकसते, म्हणजे इथे झालेली गडबड जशीच्या तशी. जिन्याच्या भिंतीची लोकेशन लाइन जिन्याकडच्या बाजूवर ठेवली तरच जाडीतला फरक खोलीच्या बाजूला जातो. आम्ही काम ऑटोकॅडमध्येच ठेवलं. स्ट्रक्चरच्या फायली त्यात होत्या, आणि साइटवरच्या सुपरवायझरच्या लॅपटॉपवर तेच होतं.

यांत्रिक ड्रॉइंगच्या शिस्तीत साखळीतला एक तुकडा मोकळा सोडतात आणि एकूण माप देतात, म्हणजे दोन आकडे एकमेकांना खोटं पाडू शकत नाहीत. घराच्या ड्रॉइंगला मी ते लावत नाही. इथे सातही तुकडे आणि एकूणही द्यावं. बंद साखळी होती म्हणून तर मिस्त्रीला पट्टीनं आणि बेरजेनं गफलत पकडता आली. मंजुरीच्या टप्प्यावर ती पकडली जाणं अवघडच होतं, कारण ऑनलाइन तपासणी ठरलेल्या लेयरवरच्या बंद पॉलिलाइनमधून क्षेत्रफळं काढते, डायमेन्शनचा मजकूर गवंड्यासारखा वाचत बसत नाही. बाहेरची हद्द बदललेली नव्हती, क्षेत्रफळ तेच.

उभी मापं

प्लॅन एकावर एक आले, पण उंचीचं दुखणं सेक्शनमध्ये, म्हणजे उभ्या छेदाच्या ड्रॉइंगमध्ये, निघालं. मजल्यापासून मजल्यापर्यंत ३१५०, १७५ च्या १८ पायऱ्या. हे ३१५० स्लॅबच्या माथ्यापासून माथ्यापर्यंतचं होतं, आणि सगळीकडे फरशीसाठी ५० धरले होते, म्हणजे फरशीपासून फरशीपर्यंतही ३१५० च. मध्येच धाकट्या भावानं तिसऱ्या मजल्यावर संगमरवर ठरवला. खालच्या मसाल्याच्या थरासकट ७५. त्यामुळे दुसऱ्याच्या फरशीपासून तिसऱ्याच्या फरशीपर्यंत ३१७५ झाले आणि शेवटची पायरी एकटी २०० ची झाली असती. राष्ट्रीय इमारत संहितेची राहत्या घरासाठीची मर्यादा १९० आहे. मर्यादा बाजूला ठेवली तरी सतरा पायऱ्या एकसारख्या चढून आलेला पाय अठराव्या पायरीला अडखळतोच.

तो जिना अजून भरायचा होता, म्हणून ३१७५ चे अठरा समान भाग केले. एक भाग १७६.४ येतो. असा आकडा शीटवर लिहिणं निरर्थक. शीटवर फक्त ३१७५ आणि "१८ समान" लिहिलं, सेंट्रिंगवाल्यानं भिंतीवर तयार फरशीच्या दोन खुणा केल्या आणि पट्टीवर भाग पाडून घेतले. सेक्शनवर आता प्रत्येक मजल्याला दोन पातळ्या आहेत, स्लॅबची वेगळी आणि फरशीची वेगळी, आणि जिन्याची सगळी मापं फरशीच्या पातळीवरूनच.

दुसऱ्या मजल्याची भिंत एकही रचली गेली नव्हती. जुन्या रेषा पुसल्या, जिन्याच्या भिंती कॉलमच्या बाजूला आणल्या, खोल्या ३४५० आणि ३१५०. मधल्या भावानं बेडरूमचं कपाट ३४१० ला बसवून सुताराला सांगून ठेवलं होतं, त्याला ४० ची पट्टी वाढवायला सांगितली. प्लास्टर धरून मापं पुन्हा घ्या, असंही सांगितलं, कारण शीटवरची सगळी मापं बिनप्लास्टरची आहेत आणि हे आता प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं.

राहिला तो मोबाइल. मिस्त्रीच्या फोनमध्ये जुन्या शीटचे फोटो होते, सेंट्रिंगवाल्याच्या फोनमध्ये त्याहून जुने. नव्या शीटवर रिव्हिजनचं अक्षर आणि तारीख मोठ्या अक्षरांत टाकली, जुने कागद परत घेतले, आणि स्लॅबच्या आदल्या दिवशी सुपरवायझर सगळ्यांच्या फोनमधली शीट एकदा उघडून अक्षर बघतो. तिसऱ्या मजल्याच्या डक्टच्या वेळी प्लंबरच्या फोनमध्ये अजून आधीचंच अक्षर सापडलं होतं.